क्यू वारंवार घसरत असेल तर: मिसक्यूचे कारण शोधण्याचा क्रम आणि योग्य टिपची निवड

पूल आणि स्नूकरच्या क्यूंना, म्हणजे खेळण्याच्या काठ्यांना, टिपा (टोकावरच्या चामड्याच्या चकत्या) बसवण्याचे काम मी गेली अनेक वर्षे करत आलो आहे आणि माझ्यापर्यंत येणारी तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात असते: ‘क्यू घसरतो, टिप बदलून द्या.’ टिप बदलली जाते, आठ-दहा दिवस खेळ सुरळीत चालतो आणि मग तोच खेळाडू तीच तक्रार घेऊन पुन्हा दारात उभा राहतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार असतो. क्यू बॉलवरून (क्यूने मारायच्या पांढऱ्या बॉलवरून) टोक निसटण्याला, म्हणजे मिसक्यूला, टिपचे चामडेच कारणीभूत असते असे नाही. चॉक लावण्याची पद्धत, टिपची गोलाई, तिची चिकटवण, फेरूलचा (टिपखालच्या कडक नळीचा) माथा किंवा खेळाडूचा स्वतःचा हात, यांपैकी कशातही दोष असू शकतो. म्हणून चांगली टिप कोणती हा प्रश्न माझ्या मते बराच नंतरचा आहे. त्याआधीच्या तपासण्यांना जवळजवळ काहीच खर्च येत नाही, आणि त्या न करता आणलेली उत्तमातली उत्तम टिपसुद्धा त्याच जुन्या दोषावर जाऊन बसते.

लक्षणे नीट ओळखावीत

क्यू नेमका कधी आणि कोणत्या शॉटला घसरतो हे आधी दोन-तीन फ्रेम लक्षपूर्वक पाहावे. मध्यावर मारलेले शॉट व्यवस्थित लागतात, पण स्क्रू करताना (बॉलच्या मध्याखाली मारून उलटी फिरकी देताना) किंवा साइड देताना (डावी-उजवी फिरकी देताना) टोक निसटते, हे सर्वांत नेहमीचे लक्षण आहे. निसटणे सगळ्याच बाजूंना होत असेल तर चॉक, गुळगुळीत झालेला पृष्ठभाग किंवा हात यांवर संशय घ्यावा. ते फक्त डावीकडे किंवा फक्त उजवीकडे होत असेल तर टिप एका अंगाने झिजली आहे असे धरून पुढे जावे.

दुसरे लक्षण आवाजाचे आहे. घट्ट बसलेल्या टिपचा आवाज भरीव आणि आखूड असतो. तोच क्यू एखाद्या दिवशी तडा गेलेल्या मडक्यासारखा बद्द वाजू लागला, किंवा शॉटबरोबर बारीकशी ‘टिक्’ ऐकू येऊ लागली, तर टिप सुटत चालली आहे, तिचे थर विलग होत आहेत किंवा फेरूल हलते आहे. चामडे झिजल्याने आवाज बदलतो तो हळूहळू. एका दिवसात बदललेला आवाज सांध्यातल्या बिघाडाचा असतो.

तिसरे लक्षण क्यू बॉलवर उमटते, आणि बहुतेक खेळाडू ते न पाहताच बॉल पुसून टाकतात. पांढऱ्या बॉलवर चॉकचा ठसा लहान आणि गोल दिसला तर टिपने बॉल पकडला होता. ठसा लांबट, एका टोकाला गडद आणि दुसऱ्या टोकाला फिकट होत गेलेला असेल तर टिप तेवढे अंतर बॉलवर घसरत गेली. त्याच वेळी टिपकडेही पाहावे. जिथून चॉक उडाला आहे तो भाग टिपच्या माथ्यालगत असेल तर ठीक. तो अगदी कडेला असेल तर बॉलला टिपची गोलाई नव्हे, कड लागत आहे.

पहिली तपासणी: चॉक

सर्वांत सोपी आणि फुकटची तपासणी हीच आहे, आणि माझ्या अनुभवात बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. टिप आणि बॉल यांचा स्पर्श एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास टिकतो. तेवढ्या वेळात चामड्याने गुळगुळीत, कठीण बॉल धरून ठेवायचा तर दोघांमध्ये घर्षण हवे, आणि ते चॉक देतो. फळ्यावरच्या खडूशी या चॉकचे नावापुरतेच नाते आहे. विल्यम स्पिंक्स हे बिलियर्ड्स खेळाडू आणि विल्यम हॉस्किन्स हे रसायनज्ञ यांनी १८९७ मध्ये अमेरिकेत या चॉकचे पेटंट घेतले, तेव्हापासून त्यात सिलिका आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखे खरखरीत कण असतात. हे कण टिपच्या ज्या भागाला लागलेले नाहीत, तो भाग बॉलवर उघड्या चामड्यानेच आदळतो.

बहुतेकांच्या चॉकच्या वडीला मधोमध खोल विहीर पडलेली असते, कारण ते वडी टिपवर ठेवून क्यू गरागरा फिरवतात. अशाने चॉक टिपच्या माथ्याला आणि फेरूलच्या कडेला लागतो; स्क्रू आणि साइड ज्या पट्ट्यावर खेळले जातात तो मधला पट्टा कोराच राहतो, आणि विहिरीचा काठ फेरूलवर घासत राहतो. वडी हातात धरून तिने टिपवर एका बाजूने हलके फटकारे मारावेत, जसा ब्रशने रंग लावतात तसे, आणि क्यू थोडाथोडा फिरवत सगळीकडे पातळ, सारखा थर बसवावा. मग टिप दिव्याकडे तिरपी धरून पाहावे. चामड्याचा एखादा तुकडा चमकताना दिसला तर तिथे चॉक बसलेला नाही. जाड थर देण्याचीही गरज नाही. जास्तीचा चॉक बॉलवर आणि कापडावर उतरतो, आणि बॉल एकमेकांना लागताना मध्ये आलेला चॉकचा कण स्नूकरमध्ये ‘किक’ म्हणून ओळखला जाणारा, बॉल अनपेक्षितपणे उसळण्याचा दोष निर्माण करतो.

चॉक टिपला धरतच नसेल तर आधी दुसरी, कोरडी वडी वापरून पाहावी, कारण ओलावा ओढलेली वडी नुसती घसरते. आणि बोटाने टिप चाचपण्याची सवय सोडावी. बोटांचा घाम आणि तेल चामड्यात मुरते.

दुसरी तपासणी: दोष क्यूचा की हाताचा

हे विचारलेले कोणाला आवडत नाही, तरीही ते विचारणे मला आवश्यक वाटते. मध्यापासून बॉलच्या त्रिज्येच्या साधारण निम्म्या अंतरापर्यंतच टिप सुरक्षितपणे लागू शकते. त्यापलीकडे चांगली टिप आणि चांगला चॉक असूनही ती घसरणारच. पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे ही मर्यादा मध्यापासून सुमारे १४ मिलिमीटरवर येते. स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटरचा असल्याने तिथे ती सुमारे १३ मिलिमीटर आहे.

पूलच्या टेबलावर याची चाचणी फार सोपी आहे. पट्ट्याचा एखादा बॉल क्यू बॉलच्या जागी असा ठेवावा की पट्टा जमिनीला समांतर राहील. त्या पट्ट्याची वरची आणि खालची कड जवळजवळ याच मर्यादेवर असते. खालच्या कडेवर नेम धरून दहा स्क्रू शॉट मारावेत आणि प्रत्येक शॉटनंतर चॉकचा ठसा कुठे पडला ते पाहावे. ठसा पट्ट्याच्या आत असूनही टिप घसरली तर दोष क्यूत आहे. ठसा पट्ट्याबाहेर पडत असेल तर टिप निर्दोष आहे आणि हात अपेक्षेपेक्षा खाली जातो आहे. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी की टिप घुमटाकार असल्यामुळे ठसा क्यूच्या मध्यरेषेच्या पुढे नव्हे, तर बॉलच्या मध्याच्या बाजूला सरकून पडतो. साधारण १० मिलिमीटर त्रिज्येची गोलाई असलेल्या टिपने पूलच्या बॉलवर मर्यादेच्या कडेला स्पर्श करायचा तर क्यूची मध्यरेषा बॉलच्या मध्यापासून १९ मिलिमीटरच्या जवळपास असते. म्हणून डोळ्यांना वाटते तेवढे आपण टोकाला मारत नसतो, आणि ठसा पाहिल्याशिवाय अंदाज बांधू नये.

याहून सोपी चाचणी अदलाबदलीची. आपला क्यू एखाद्या मुरलेल्या खेळाडूच्या हाती द्यावा आणि आपण त्याच्या क्यूने तेच शॉट खेळावेत. त्याच्या हातात आपला क्यू घसरला नाही आणि आपल्या हातात त्याचा घसरला, तर टिप बदलून काही साधणार नाही.

तिसरी तपासणी: चमकणारा, टणक झालेला पृष्ठभाग

सतत आघात होऊन चामड्याचे तंतू दाबले जातात आणि टिपच्या माथ्यावर आरशासारखी नाही तरी घोटलेल्या कागदासारखी चमक येते. अशा पृष्ठभागावर चॉक राहत नाही. लावलेला चॉक पहिल्याच शॉटला एकसंध पापुद्र्यासारखा उडतो, ही याची खूण. उपाय हलका आहे: बारीक टोके असलेल्या टॅपरने टिप हळूहळू ठोकावी किंवा टोचावी, किंवा पॉलिश पेपरचा हात दोन-तीनदा फिरवावा. टॅपरने चामडे कमी होत नाही, फक्त त्यात चॉक धरणारे खळगे तयार होतात, म्हणून मी पॉलिश पेपरआधी टॅपर सुचवतो. रोज खेळण्याआधी टिप खरवडणारे खेळाडू एका महिन्यात चांगली टिप संपवतात आणि नंतर टिप टिकली नाही अशी तक्रार करतात. चामडे घासून काढणे हा शेवटचा उपाय समजावा.

चौथी तपासणी: गोलाई

सर्वाधिक मिसक्यू इथून येतात. चॉकची सवय सुधारूनही घसरणे थांबले नाही, तर क्यू डोळ्यांच्या पातळीवर आडवा धरून, मागे पांढरा कागद किंवा उजेडाची खिडकी येईल अशा बेताने टिपची कडेची रेषा पाहावी आणि क्यू सावकाश पूर्ण फिरवावा. ती रेषा फिरताना बदलता कामा नये.

टिपचा माथा सपाट झाला की साइड देताना बॉलला गोलाई लागतच नाही, टिपची कड लागते. कडेवर चॉक सर्वांत कमी असतो, चामड्याला बाजूने आधार नसतो आणि धक्क्याची दिशा क्यूच्या अक्षापासून दूर गेलेली असते. म्हणजे तीनही गोष्टी एकाच वेळी उलट जातात. उलट टिप फार टोकदार ठेवली तर साइड चांगली लागते, पण मध्यावरच्या शॉटला चामड्याच्या अगदी लहान भागावर सगळा भार येतो, माथा लवकर चपटा होतो आणि आठवड्यातून दोनदा आकार द्यावा लागतो. पूलच्या टिपेसाठी ९ ते साडेदहा मिलिमीटर त्रिज्येची गोलाई सर्वसाधारणपणे वापरली जाते. स्नूकरची टिप रुंदीला लहान असल्याने तिचा घुमट जरा अधिक उठावदार दिसतो. आकडा कोणताही धरा. एकदा जमलेली गोलाई दर वेळी तीच ठेवणे हे आकड्यापेक्षा महत्त्वाचे आहे.

एकतर्फी झीज मी पहिल्यांदा समजून घेतली ती एका तरुण स्नूकरपटूच्या क्यूवरून. त्याचा क्यू फक्त उजवी साइड देताना घसरत असे, आणि त्याने लागोपाठ तीन टिपा बदलल्या होत्या. मी टिप फिरवून पाहिली तेव्हा तिचा एक उतार दुसऱ्यापेक्षा उघड दिसेल इतका बसलेला होता. स्नूकरच्या क्यूच्या मागच्या टोकाला एक सपाट कापलेला भाग असतो, आणि खेळाडू तो नेहमी एकाच बाजूला ठेवून क्यू धरतात. त्यामुळे टिपची तीच बाजू रोज तोच शॉट खेळते आणि तीच झिजते. पूलचा क्यू हातात आपोआप फिरत राहतो म्हणून तिथे हे क्वचित दिसते. त्या मुलाला मी नवी टिप दिली नाही. आहे तिचीच गोलाई सारखी करून दिली आणि सरावाच्या वेळी क्यू अधूनमधून पाव फेरा फिरवून धरायला सांगितले. नंतर त्याच टिपवर तो बरेच महिने खेळला.

आकार देताना पॉलिश पेपर किंवा शेपर (टिपला गोलाई देण्याचे साधन) माथ्याकडून कडेकडे, खालच्या दिशेने चालवावा. खालून वर ओढल्यास चामड्याचे तंतू आणि थर उचलले जातात.

पाचवी तपासणी: फुगलेली कड

नख फेरूलवरून टिपकडे हळूच सरकवावे. वाटेत ते अडले तर टिप फेरूलबाहेर छत्रीसारखी पसरली आहे. मऊ टिपा पहिल्या काही दिवसांत अशा पसरतातच, तो दोष नाही. पण बाहेर आलेल्या चामड्याखाली आधार नसतो, आणि नेमका साइडचा शॉट त्या लोंबत्या कडेवर आला तर ती दबते आणि बॉल सुटतो.

टिप कडक फळीवर उपडी दाबून धरावी, फेरूलभोवती चिकटपट्टीचा एक वेढा द्यावा म्हणजे तिला ओरखडे पडणार नाहीत, आणि नव्या, धारदार ब्लेडने थोडेथोडे चामडे फळीच्या दिशेने कापावे. बोथट ब्लेड चामडे ओढते आणि चिकटवण उखडते, त्यामुळे इथे काटकसर करू नये. कापून झाल्यावर बाजू किंचित ओलसर करून कागदाने किंवा चामड्याच्या तुकड्याने जोरात घोटावी. घोटल्याने बाजूचे तंतू बसतात आणि टिप पुन्हा पसरायला वेळ लागतो. पाणी माथ्याला लागू देऊ नये.

सहावी तपासणी: चिकटवण आणि उरलेले चामडे

अंगठ्याने टिप बाजूने दाबून पाहावी. हालचाल दिसली नाही तरी फेरूल आणि टिप यांच्या मधल्या रेषेत चॉकची निळी किंवा हिरवी धूळ शिरलेली दिसली, तर तिथे फट आहे, कारण घट्ट सांध्यात धूळ शिरू शकत नाही. थरांच्या टिपमध्ये हीच रेषा दोन थरांच्या मध्येही दिसू शकते. फटीत बाहेरून सुपरग्लूचा थेंब सोडणे हा उपाय नव्हे. थेंब कडेपुरता जातो, आतली पोकळी तशीच राहते, आणि वर चामड्यात झिरपलेला ग्लू टिपची कड काचेसारखी कडक करून टाकतो.

टिप काढून जुना ग्लू फेरूलच्या माथ्यावरून पूर्ण निघेपर्यंत साफ करावा. हे करताना पॉलिश पेपर सपाट पृष्ठभागावर ठेवून त्यावर फेरूल उभी धरावी, कागद हातात धरून फेरूल घासू नये, कारण हातात धरलेला कागद माथा गोल करतो आणि गोल माथ्यावर सपाट बुडाची टिप फक्त मधोमध टेकते. टिपचे बूडही असेच सपाट करून घ्यावे. मग जेलसारखा घट्ट सुपरग्लू पातळ लावून टिप मध्यावर दाबावी आणि बाहेर आलेला ग्लू लगेच पुसावा. एकदा मी घाईत बोटाने चाचपलेल्या बुडावरच ग्लू लावला आणि ती टिप दुसऱ्या दिवशी ब्रेकच्या, म्हणजे डाव उघडण्याच्या जोरकस, शॉटला उडून गेली. फेरूलवर ग्लूचा अख्खा थर होता आणि चामडे त्यापासून स्वच्छ सुटले होते. तेव्हापासून साफ केलेल्या पृष्ठभागाला मी बोट लावत नाही, आणि ग्लू काही मिनिटांत धरला तरी शक्य असेल तर क्यू रात्रभर तसाच ठेवतो.

याच वेळी उरलेली जाडी पाहावी. बाजूला चामड्याची उभी भिंत एका मिलिमीटरहून कमी राहिली असेल तर टिप संपली आहे. तेवढे पातळ आणि दाबले गेलेले चामडे धक्का शोषत नाही आणि तो सगळा फेरूलवर जातो.

आता टिपची निवड

वरच्या सगळ्या तपासण्या होऊनही घसरणे थांबले नसेल किंवा चामडे संपले असेल, तरच नवी टिप घ्यावी.

आधी माप. स्नूकरच्या क्यूंना बहुधा साडेनऊ ते दहा मिलिमीटरच्या, तर पूलच्या क्यूंना सुमारे बारा ते तेरा मिलिमीटरच्या टिपा लागतात. जागतिक पूल संघटनेच्या नियमांनुसार टिपची रुंदी १४ मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये. टिप नेहमी फेरूलपेक्षा किंचित मोठी घ्यावी आणि बसवल्यावर बाजू कापून बरोबर करावी. लहान टिप मोठी करता येत नाही, आणि फेरूलची उघडी राहिलेली कड कधीतरी बॉलला लागते.

पुढचा प्रश्न एकसंध चामड्याची टिप घ्यावी की थरांची. एल्क मास्टरसारख्या एकसंध टिपा स्नूकरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. त्यांचा स्पर्श मऊ आणि ओळखीचा असतो, पण एकाच डबीतल्या दोन टिपा एकसारख्या निघतीलच असे नसते, कारण चामड्याचा प्रत्येक भाग वेगळा असतो. कामुईसारख्या जपानी थरांच्या टिपा डुकराच्या चामड्याचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून केलेल्या असतात. त्या कमी पसरतात, आकार जास्त दिवस धरतात आणि एकीनंतर दुसरी बसवली तरी फरक कमी जाणवतो. त्यांचा धोका एकच आहे, थर सुटण्याचा. ज्याला स्वतः टिप बसवून तिची निगा राखता येते त्याला एकसंध टिप चालते. ज्याला वर्षातून एक-दोनदाच हे काम करून घ्यायचे आहे त्याने थरांची घ्यावी, असे माझे मत आहे.

कठीणपणाविषयी गैरसमज फार आहेत. मऊ टिप बॉलला जरा जास्त वेळ चिकटून राहते आणि चॉक चांगला धरते, पण ती लवकर पसरते आणि चपटी होते. कठीण टिप आकार धरते आणि ताकद वाया जाऊ देत नाही, पण तिचा पृष्ठभाग लवकर चमकू लागतो आणि चॉकच्या बाबतीत ती बेफिकिरी खपवून घेत नाही. मऊ टिपने जास्त फिरकी मिळते असे म्हणतात. फिरकी मुख्यतः बॉलच्या मध्यापासून किती दूर आणि किती वेगाने मारले यावर ठरते, टिपचे काम न घसरण्याचे आहे. शिवाय ‘मीडियम’ या शब्दाला सर्व उत्पादकांत एकच माप नाही. एकाची मीडियम दुसऱ्याच्या हार्डएवढी असू शकते. म्हणून वेष्टनावरच्या शब्दापेक्षा आपल्या हाताला मानवलेली टिप लक्षात ठेवावी आणि पुढच्या वेळी तीच घ्यावी. सतत घसरण्याची तक्रार असलेल्या खेळाडूला मी मध्यम कठीणपणाच्या टिपेपासून सुरुवात करायला सांगतो. ब्रेकसाठीच्या वेगळ्या क्यूवर फेनॉलिकसारख्या अतिशय कठीण पदार्थाच्या टिपा असतात. त्यांनी साइड किंवा स्क्रू खेळण्याचा आग्रह धरू नये.

टिपांतून टिप निवडायची संधी मिळाली तर एकसंध टिपांच्या बाबतीत मी तीन गोष्टी करतो. प्रत्येक टिप लादीवर बोटभर उंचीवरून सोडतो आणि आवाज ऐकतो. घट्ट विणीच्या चामड्याचा आवाज टणटणीत येतो, सैल चामड्याचा भुसभुशीत. सारख्या मापाच्या टिपा बारीक काट्यावर तोलल्या तर जड निघणारी अधिक घट्ट असते. शेवटी बूड नखाने दाबतो. नख सहज रुतले किंवा कडेचे तंतू सुटे दिसले तर ती बाजूला ठेवतो. डबी कोरड्या जागी ठेवावी. चामडे दमट हवेत फुगते आणि काळजीने निवडलेली टिपही मऊ पडते.

नवी टिप बसवल्यावर पहिले काही तास ती बदलत राहते. पहिल्या दिवशी दिलेला आकार अंतिम समजू नये. दोन-तीन वेळा खेळून झाल्यावर पसरलेली कड पुन्हा कापावी, गोलाई पुन्हा पाहावी, आणि मगच टिप चांगली की वाईट ते ठरवावे.

इथे थांबावे आणि जाणकाराकडे जावे

फेरूल बोटांनी किंचितही फिरत किंवा हलत असेल, तिच्यावर केसासारखी चीर दिसत असेल किंवा तिच्याखालच्या लाकडात उभा तडा असेल, तर टिपला हात लावू नये. ॲश आणि मेपल या दोन्ही लाकडांमध्ये तडा रेषेरेषेने खाली धावतो आणि त्यावर एक जोराचा शॉट पुरेसा होतो. फेरूल काढण्यासाठी ती तापवण्याचा प्रयोगही घरी करू नये. उष्णतेने आतले लाकूड करपते आणि मग नवी फेरूल धरणारा भागच उरत नाही.

फेरूलचा माथा तिरपा असेल तर तो कानशीने सरळ करण्याचा मोह होतो. पण कानस हातात कधीच काटकोनात राहत नाही, आणि फेरूलचे पितळ एकदा कमी झाले की परत येत नाही. हे काम लेथवर क्यू मध्यावर धरून होते. कार्बन फायबरच्या शाफ्टवर (क्यूच्या पुढच्या भागावर) घरी घासकाम करू नये. त्याची बारीक धूळ श्वासात जाणे घातक आहे आणि शाफ्टच्या भिंतीला इजा झाली तर ती भरून काढता येत नाही. नीट साफ करून चिकटवलेल्या दोन टिपा लागोपाठ थोड्या दिवसांत सुटल्या, तरी तिसरी स्वतः बसवू नये. अशा वेळी माथा सपाट नसतो किंवा फेरूल आतून सैल असते, आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

जाणकाराकडे क्यू नेताना सुटलेली टिप फेकून न देता बरोबर न्यावी. ग्लू टिपच्या बुडाला राहिला आहे, फेरूलला राहिला आहे की दोन्हींना निम्मा निम्मा, यावरून चिकटवण कुठे फसली ते कळते. घसरणे कोणत्या बाजूला आणि कोणत्या शॉटला होते हेही सांगावे, आणि फेरूलची उंची कमी करावी लागणार असेल तर किती, हे काम सुरू होण्याआधी विचारून घ्यावे.